बिल्ड टूलच्या एकापेक्षा अधिक प्रतींमुळे येणारे एरर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच सातपूर, अंबड किंवा गंगापूर रोड परिसरातील लहान सॉफ्टवेअर कार्यालयांत नव्याने रुजू झालेल्यांसाठी ही प्रश्नावली लिहिली आहे. प्रकल्प सादर करण्याच्या दिवसांत मदतीसाठी आमच्याकडे येणाऱ्या अनेक लॅपटॉपवर कोड पूर्णपणे निर्दोष असतो. अडचण एवढीच असते की त्या संगणकावर एकाच साधनाच्या दोन-तीन प्रती असतात आणि नको ती प्रत आधी चालते. कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे म्हणजे बिल्ड, आणि ते काम करणारे साधन म्हणजे बिल्ड टूल. येथे भर जावा आणि त्याची बिल्ड टूल मेव्हन व ग्रेडल यांवर आहे, कारण बहुतेक तक्रारी त्यांच्याच असतात; सीमेक (सी भाषेच्या प्रकल्पांचे बिल्ड टूल) आणि पायथनबद्दल शेवटी थोडक्यात लिहिले आहे. कमांडची नावे देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करावीत.

कालपर्यंत बिल्ड होत होते. कोडमध्ये एक ओळही बदललेली नाही. मग आज एरर का येतो?

कोड तोच असला तरी संगणक कालचा राहिलेला नसतो. मधल्या काळात एखादे सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालेले असते आणि त्याने स्वतःसोबत स्वतःचा जावा, स्वतःचा पायथन किंवा स्वतःचा सी कंपायलर आणून ठेवलेला असतो. आपण टर्मिनलमध्ये नुसते ‘एमव्हीएन’ (मेव्हनची कमांड) किंवा ‘जावा’ लिहितो, तेव्हा कोणत्या फोल्डरमधील फाइल चालवायची हे आपण सांगत नाही. शेल (टर्मिनलमध्ये लिहिलेली कमांड चालवणारा प्रोग्राम) ‘पाथ’ या व्हेरिएबलमधील फोल्डर क्रमाने तपासत जाते, त्या नावाची पहिली फाइल सापडली की तिथेच थांबते आणि तीच चालवते. त्याच नावाच्या आणखी चार प्रती पुढच्या फोल्डरांत असल्या, तरी त्यांची दखलही घेतली जात नाही. त्यामुळे एखाद्या इन्स्टॉलरने आपले फोल्डर यादीच्या सुरुवातीला घातले, तर कोणालाही काही न कळता साधन बदलते आणि एरर मात्र आपल्या प्रकल्पाच्या नावाने छापला जातो.

मग पहिली पायरी कोणती? सगळे काढून पुन्हा इन्स्टॉल करू का?

कृपया करू नये, निदान सुरुवातीला तरी नाही. पुन्हा इन्स्टॉल केल्याने बहुतेक वेळा आधीच्या प्रतींमध्ये आणखी एका प्रतीची भर पडते, आणि जुन्या प्रतीकडे बोट दाखवणारी व्हेरिएबल्स अनइन्स्टॉल केल्यानंतरही जागच्या जागी राहतात. प्रकल्प उद्या सकाळी दाखवायचा असताना निफाडला किंवा सिन्नरला घरी बसून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पुन्हा सगळे डाउनलोड करत रात्र घालवणारे विद्यार्थी आम्ही पाहतो, आणि सकाळी एरर तोच असतो. आधी शोधायचे ते एवढेच, की आत्ता प्रत्यक्षात कोणती प्रत चालते आहे आणि ती कोणाच्या सांगण्यावरून चालते आहे. हे कळले की दुरुस्ती बहुधा एका ओळीची निघते.

कोणती प्रत चालते आहे, हे कसे पाहावे?

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर’ लिहून पुढे साधनाचे नाव द्यावे, म्हणजे ‘व्हेअर जावा’ किंवा ‘व्हेअर एमव्हीएन’. पाथमध्ये सापडलेल्या सर्व प्रती एकाखाली एक दिसतात आणि त्यांतील सर्वांत वरची चालते. येथे एक फसगत होते ती पॉवरशेलमध्ये. तिथे ‘व्हेअर’ हे एका वेगळ्याच अंतर्गत कमांडचे टोपणनाव आहे, त्यामुळे काहीच छापले जात नाही आणि साधन इन्स्टॉलच नाही असा समज होतो. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असे पूर्ण नाव लिहावे, किंवा ‘गेट-कमांड’ ही कमांड ‘-ऑल’ या पर्यायासह वापरावी.

लिनक्स आणि मॅकवर ‘टाइप’ ही कमांड ‘-ए’ या पर्यायासह चालवावी. अनेक जण ‘विच’ वापरतात आणि तेही चालते, परंतु आम्ही ‘टाइप’चा आग्रह धरतो, कारण अलायस (कमांडला दिलेले टोपणनाव) किंवा शेलमधील फंक्शन आडवे आले असेल तर बॅश या शेलमध्ये तेही तिला दिसते. शिवाय बॅश एकदा सापडलेल्या कमांडचा पत्ता लक्षात ठेवते. जुनी प्रत काढून नवी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली, तरी त्याच खिडकीत बॅश जुन्या पत्त्यावर जाते आणि अशी फाइल नाही म्हणून सांगते, तर ‘विच’ मात्र नवा पत्ता ठीकठाक दाखवत असते. अशा वेळी ‘हॅश -आर’ चालवावे किंवा नवी खिडकी उघडावी.

‘जावा -व्हर्जन’ एक आवृत्ती दाखवते आणि मेव्हन दुसरीच वापरतो. असे कसे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर पाहू. टर्मिनलमध्ये लिहिलेला ‘जावा’ पाथवरून सापडतो; मेव्हन मात्र आधी जावा_होम हे जावाच्या फोल्डरचा पत्ता ठेवणारे व्हेरिएबल पाहतो आणि ते नसेल तरच पाथमधील जावाकडे वळतो. म्हणजे एकाच संगणकावर ‘कोणता जावा’ या प्रश्नाची दोन उत्तरे असू शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी खरी असतात. विंडोजवर ओरॅकलचा इन्स्टॉलर ‘जावापाथ’ नावाचे एक फोल्डर पाथच्या आरंभी घालतो. जुन्या इन्स्टॉलरमध्ये ते प्रोग्रामडेटाच्या आत असे. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ते प्रोग्राम फाइल्समधील कॉमन फाइल्सच्या आत गेले. त्या फोल्डरमुळे पाथचे उत्तर बदलते, जावा_होम मात्र आपण पूर्वी दिले तेच राहते.

एक नमुना पाहा. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे भाव दाखवणारा एका विद्यार्थिनीचा प्रकल्प जावा १७ साठी लिहिलेला होता. तिच्या लॅपटॉपवर ‘जावा -व्हर्जन’ १७ दाखवत होते, तरी ‘एमव्हीएन पॅकेज’ चालवले की ‘इनव्हॅलिड टार्गेट रिलीज : १७’ असा एरर येई. ‘एमव्हीएन -व्हर्जन’ चालवल्यावर तिसऱ्या ओळीत जावाची आवृत्ती १.८ अशी छापली गेली आणि त्याच ओळीच्या शेवटी जेडीके (कंपायलरसह येणारा जावाचा पूर्ण संच) ८ चे फोल्डर दिसले. पहिल्या वर्षी ठेवलेले जावा_होम कोणी बदललेलेच नव्हते. ते व्हेरिएबल जेडीके १७ च्या फोल्डरकडे वळवले, नवी खिडकी उघडली आणि बिल्ड झाले.

म्हणून मेव्हनच्या कोणत्याही तक्रारीत ‘जावा -व्हर्जन’वर विश्वास न ठेवता ‘एमव्हीएन -व्हर्जन’ पाहावे. मेव्हन स्वतः कोणत्या फोल्डरमधून चालतो आणि कोणता जावा वापरतो, या दोन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या असतात. लिनक्स आणि मॅकवर होम फोल्डरमध्ये ‘डॉट मेव्हनआरसी’ नावाची फाइल असेल तर तीही उघडून पाहावी. तिच्यात कोणी जावा_होम लिहून ठेवले असेल, तर टर्मिनलमध्ये दिलेले मूल्य त्यापुढे टिकत नाही.

जावा_होममध्ये नेमके काय लिहावे?

जेडीकेचे मूळ फोल्डर, त्यातील ‘बिन’ नव्हे. ‘बिन’पर्यंतचा पत्ता दिला की मेव्हन जावा_होम नीट दिलेले नाही असे सांगून थांबतो. विंडोजवर पत्त्यात ‘प्रोग्राम फाइल्स’मधील मोकळी जागा असली तरी मूल्याभोवती अवतरणचिन्हे घालू नयेत, आणि शेवटी अर्धविरामही ठेवू नये.

मी पाथमध्ये नवे फोल्डर जोडले, तरी जुनीच प्रत का चालते?

विंडोजवर पाथ दोन असतात, एक संपूर्ण सिस्टिमचा आणि एक आपल्या खात्याचा. खिडकी उघडताना आधी सिस्टिमचा पाथ घेतला जातो आणि खात्याचा त्यामागे जोडला जातो. त्यामुळे जुनी प्रत सिस्टिमच्या पाथमध्ये असेल, तर खात्याच्या पाथमध्ये आपले फोल्डर कितीही वर नेले तरी उपयोग होत नाही. सिस्टिमच्या यादीतील नोंदच काढावी किंवा खाली न्यावी लागते.

दुसरे कारण अगदी साधे आहे. जी खिडकी आधीपासून उघडी आहे तिला बदललेली व्हेरिएबल्स दिसत नाहीत. हीच गोष्ट उघड्या एक्लिप्सला, व्हीएस कोडला आणि त्यांच्या आतील टर्मिनललाही लागू आहे. टर्मिनलचा टॅब नव्हे, तो संपूर्ण प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा.

‘सेटएक्स’ या कमांडने पाथ बदलण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला आढळतो. आम्ही त्याविरुद्ध ठामपणे सांगतो. ती कमांड १०२४ अक्षरांपुढचे मूल्य कापून टाकते, आणि त्यात जुना पाथ जोडून लिहिला तर सिस्टिमचा व खात्याचा पाथ एकत्र होऊन खात्याच्या पाथमध्ये साठतो. कापला गेलेला भाग परत मिळवण्याचा सोपा मार्ग नसतो. सेटिंग्जमधील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची खिडकी उघडून हाताने बदल करावा, आणि त्यापूर्वी जुने मूल्य एखाद्या फाइलमध्ये जपून ठेवावे.

एररमध्ये ५२, ६१, ६५ असे आकडे येतात. ते काय सांगतात?

ते जावाच्या क्लास फाइलचे आवृत्तिक्रमांक आहेत. आकड्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते : ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७ आणि ६५ म्हणजे २१. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’मध्ये असे दोन आकडे असतात. पहिला आकडा फाइल कोणत्या आवृत्तीने कंपाइल झाली ते सांगतो. दुसरा, चालवणारा जावा कुठपर्यंतच्या फाइली वाचू शकतो ते. ६१ आणि ५२ अशी जोडी दिसली, तर कंपाइल करणारा जावा १७ आहे आणि चालवणारा ८, म्हणजेच दोन प्रती दोन वेगळी कामे करत आहेत, हे कोड न पाहताच कळते.

ग्रेडलमध्ये ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’ असा एकच आकडा आला, तर अर्थ बराचसा उलटा असतो. तिथे जावा नवा असतो आणि ग्रेडल जुने. जावा १७ वर चालण्यासाठी ग्रेडल किमान ७.३ आणि जावा २१ साठी किमान ८.५ लागते. जावा खाली आणायचा की ग्रेडल वर न्यायचे, हे प्रकल्पावरून ठरवावे. जुना प्रकल्प फक्त चालवून दाखवायचा असेल तर जुना जावा वापरणे अधिक सुरक्षित आहे.

ग्रेडल मी स्वतः इन्स्टॉल केले आहे, तरी अँड्रॉइडचा प्रकल्प वेगळी आवृत्ती का वापरतो?

कारण प्रकल्पासोबत ग्रेडल रॅपर येतो. ‘ग्रेडल’ लिहिले की पाथमधील प्रत चालते, आणि ‘ग्रेडलडब्ल्यू’ लिहिले की प्रकल्पातील रॅपर फोल्डरमधील प्रॉपर्टीज फाइलमध्ये नोंदवलेली आवृत्ती चालते, जी पहिल्या वेळी डाउनलोड होते. प्रकल्पाच्या लेखकाने ज्या आवृत्तीवर काम केले तीच सर्वांना मिळावी, हाच त्याचा हेतू आहे, आणि म्हणून स्वतंत्र ग्रेडल इन्स्टॉल करण्याची बहुतेकांना गरजच नसते. मार्गदर्शक शिक्षकांनाही आमची विनंती आहे की गटातील चौघांच्या चार लॅपटॉपवर चार ग्रेडल बसवण्याऐवजी पहिल्या दिवसापासून रॅपरचाच वापर करायला लावावा. पॉवरशेलमध्ये त्याच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ती लागत नाही.

आता जावाचा भाग. ग्रेडल कोणत्या जावावर चालणार, हे केवळ जावा_होमवरून ठरत नाही. प्रॉपर्टीज फाइलमध्ये ‘ऑर्ग डॉट ग्रेडल डॉट जावा डॉट होम’ अशी ओळ असेल, तर बिल्डचे काम त्या जावावर होते. अशा फाइली दोन असू शकतात : एक प्रकल्पात आणि एक आपल्या होममधील ‘डॉट ग्रेडल’ फोल्डरमध्ये. दोन्हींत तीच ओळ असेल तर होममधील ओळ वरचढ ठरते. मित्राने कधीतरी तिथे लिहून दिलेली ओळ दोन वर्षांनंतर नव्या प्रकल्पाला अडवते, हे आम्ही पुष्कळदा पाहतो. अँड्रॉइड स्टुडिओ तर स्वतःसोबत स्वतःचा जावा आणतो आणि सेटिंग्जमधील ‘ग्रेडल जेडीके’मध्ये निवडलेला जावा वापरतो, म्हणून स्टुडिओत बिल्ड होते आणि टर्मिनलमध्ये होत नाही, किंवा त्याच्या उलट घडते. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.० पासून पुढे जावा १७ लागतो, तेव्हा टर्मिनलमध्ये जावा ११ असेल तर अपयश ठरलेलेच आहे. दोन्हीकडे एकच जेडीके फोल्डर द्यावे.

डिमनबद्दलही, म्हणजे पडद्यामागे चालत राहणाऱ्या ग्रेडलच्या प्रक्रियेबद्दलही, विचारले जाते. वेगळ्या जावाची मागणी आली की ग्रेडल स्वतःहून नवा डिमन सुरू करते, त्यामुळे आवृत्तीच्या गोंधळाचे खापर डिमनवर फोडण्याचे सहसा कारण नसते. मात्र जुने डिमन काम नसतानाही साधारण तीन तास थांबून राहतात, मेमरी अडवतात, आणि ज्या जेडीकेवर ते चालत होते तेच फोल्डर आपण काढले तर भलतेच एरर देतात. जेडीके बदलण्यापूर्वी ‘ग्रेडलडब्ल्यू --स्टॉप’ चालवावे.

‘नो कंपायलर इज प्रोव्हायडेड’ किंवा ‘टूल्स डॉट जार’ सापडत नाही, असे का येते?

चालणारी प्रत जेडीके नसून केवळ जेआरई, म्हणजे जावा फक्त चालवणारा संच, आहे. तिच्यात कंपायलरच नाही. उबुंटूवर ‘एपीटी’ या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने मेव्हन घेतला की सोबत फक्त जेआरई येऊ शकतो, तिथे जेडीकेचे पॅकेज वेगळे घ्यावे. जुना अँट (जावाचे आणखी एक बिल्ड टूल) ‘टूल्स डॉट जार’ मागत असेल आणि आपल्याकडे जावा ९ किंवा पुढची आवृत्ती असेल, तर ती फाइल शोधत बसू नये. जावा ९ पासून ती काढून टाकलेली आहे.

‘क्लासवर्ल्ड्स लाँचर’ सापडत नाही, असा एरर मेव्हन सुरू होतानाच येतो.

एम२_होम नावाचे जुने व्हेरिएबल तपासावे. मेव्हन ३.५.० पासून त्याचा विचार केला जात नाही, परंतु त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये एका मेव्हनची स्क्रिप्ट त्या व्हेरिएबलमुळे दुसऱ्याच मेव्हनच्या फाइली शोधू लागते आणि सुरुवातीलाच कोसळते. ते व्हेरिएबल काढून टाकावे. त्याची आज गरज नाही. अँट_होमचेही तसेच. रेड हॅटच्या कुळातील लिनक्सवर पॅकेजमधून आलेला अँट ‘इटीसी’ फोल्डरमधील ‘अँट डॉट कॉन्फ’ वाचतो, त्यामुळे आपण दिलेले मूल्य बाजूला पडू शकते. ‘अँट --नोकॉन्फिग’ चालवून फरक पडतो का ते पाहावे.

लिनक्सवर एपीटीचा जावा, हाताने उतरवलेला जावा आणि एसडीकेमॅनचा जावा असे तिन्ही आहेत. काय ठेवावे?

एकच पद्धत निवडावी. आमचा कल एसडीकेमॅनकडे, म्हणजे जावाच्या अनेक आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाकडे, आहे, कारण प्रकल्पागणिक आवृत्ती बदलणे त्यात सोपे जाते. त्याच्या ओळी ‘बॅशआरसी’ फाइलच्या अगदी शेवटी असायला हव्यात. त्यांच्याखाली कोणी जावा_होमची ओळ लिहिली असेल, तर जावा_होम तिकडे वळते आणि पाथ मात्र एसडीकेमॅनचाच राहतो, म्हणजे पुन्हा दोन उत्तरे. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने केलेली निवड फक्त ‘यूएसआर बिन’मधील दुवा बदलते; जावा_होमला ती हात लावत नाही. ‘सुडो’ (प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने कमांड चालवणे) लावून बिल्ड करू नये, कारण सुडो सहसा आपला पाथ आणि जावा_होम बाजूला ठेवते, शिवाय ‘टार्गेट’ फोल्डर रूटच्या मालकीचे होऊन पुढची साधी बिल्डही अडते.

विंडोजच्या आत लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. तिथे विंडोजचा पाथ लिनक्सच्या पाथमागे आपोआप जोडला जातो. लिनक्समध्ये मेव्हन नसेल तर विंडोजचा मेव्हन उचलला जातो आणि अनाकलनीय एरर येतात. ‘टाइप -ए’च्या उत्तरात ‘एमएनटी सी’ने सुरू होणारा पत्ता दिसला की हेच घडले आहे असे समजावे. ‘डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ’ फाइलच्या ‘इंटरऑप’ विभागात ‘अपेंडविंडोजपाथ’ला ‘फॉल्स’ मूल्य देऊन ही जोडणी बंद करता येते.

सीमेक आणि सी कंपायलरबाबत काय पाहावे?

सीमेक पहिल्या वेळी सापडलेला कंपायलर ‘सीमेक-कॅश’ या फाइलमध्ये नोंदवून ठेवतो, म्हणून पाथ दुरुस्त केल्यावरही जुनाच कंपायलर दिसतो. बिल्डचे फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करावी, ३.२४ पासून ‘--फ्रेश’ हा पर्यायही आहे. विंडोजवर स्ट्रॉबेरी पर्लसोबत जीसीसी हा कंपायलर येतो आणि तो आपल्या मिनजीडब्ल्यूमधील कंपायलरच्या आधी लागू शकतो. सीमेक ४.० ने ३.५ पूर्वीच्या आवृत्त्यांशी असलेली सुसंगतता काढून टाकली आहे; दुसऱ्या मार्गाने, उदाहरणार्थ पिप या पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने, नकळत नवा सीमेक आला असेल तर जुने प्रकल्प त्यामुळेच थांबतात.

पिपने पॅकेज घेतले, तरी पायथनला ते सापडत नाही.

पिप एका पायथनचा आणि आपण चालवतो तो पायथन दुसरा. नुसते ‘पिप’ न लिहिता ‘पायथन -एम पिप’ असे लिहावे आणि प्रत्येक प्रकल्पासाठी ‘व्हेन्व्ह’ (त्या प्रकल्पापुरती पायथनची वेगळी मांडणी) करावा.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर प्रशासकाचे अधिकार नाहीत. मग काय करावे?

बदल फक्त त्या खिडकीपुरता करावा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सेट’ कमांडने जावा_होम द्यावे, आणि पाथमध्ये जावा_होममधील ‘बिन’ आधी, त्यामागे जुना पाथ असे लिहावे. झिप स्वरूपातील जेडीके स्वतःच्या फोल्डरमध्ये उलगडला तरी चालतो, त्यासाठी इन्स्टॉलर लागत नाही. या दोन ओळी एका बॅच फाइलमध्ये ठेवून प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये द्याव्यात. त्याच संगणकावर बसणाऱ्या पुढच्या तुकडीच्या मांडणीला धक्का लागत नाही.

एवढे करूनही सुटले नाही, तर मदत मागताना काय पाठवावे?

मोबाईलने काढलेला पडद्याचा फोटो पुरत नाही. त्यात बहुधा एररची शेवटची ओळ असते आणि कारण वरच्या ओळींत असते. मजकूर कॉपी करून पाठवावा. त्यासोबत साधन शोधणाऱ्या कमांडचे पूर्ण उत्तर, ‘एमव्हीएन -व्हर्जन’ किंवा ‘ग्रेडलडब्ल्यू -व्हर्जन’चे पूर्ण उत्तर, आणि जावा_होम व पाथ यांची मूल्ये द्यावीत. ग्रेडलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत लाँचर आणि डिमन यांचे जावा दोन वेगळ्या ओळींत छापले जातात, त्या दोन्ही असाव्यात. हे सर्व त्याच खिडकीतून घ्यावे जिथे बिल्ड फसले, कारण दुसऱ्या खिडकीत उत्तर वेगळे येऊ शकते. एरर स्टुडिओत येतो की टर्मिनलमध्ये, हेही लिहावे. कोड पाठवण्याची गरज पहिल्या पत्रात नसते, आणि पाथ पाठवताना त्यातील व्हेरिएबल्समध्ये पासवर्ड किंवा टोकन नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.